सोयरीक कोण ठरविणार?



ज्या दिवशी आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी देव्हाऱ्यातील टाक काढून मांजरेच्या पाण्यात सोडले. मरीआई गेली, खंडोबा गेला, पोतराजाचा कोरडा गेला, गळ्यातील कवड्यांची माळ गेली. हे सारे उत्तम झाले. परंतु देव्हारा रिकामा करणे जितके सोपे, तितके ओट्यावर बसलेल्या पंचाला उठविणे सोपे नाही. देव दगडाचा असतो, त्याला उचलले तरी तो तक्रार करीत नाही. पंच मात्र बोलतो, आणि तो आपलाच चुलता, मामा किंवा व्याही असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी देव गेले आणि पंच राहिला. त्याने फक्त पागोटे उतरवून निळी टोपी घातली, 'रामराम' सोडून 'जयभीम' म्हणावयास आरंभ केला, आणि कोणाची मुलगी कोणाच्या घरी द्यावयाची याचा निर्णय पूर्वीप्रमाणेच आपल्या मुठीत ठेवला.

आज मला या एकाच प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे. आपल्या मुलामुलींची सोयरीक कोण ठरविणार? ती मुले स्वतः, त्यांचे आईबाप, की समाजाचा म्हणविणारा कोणी पुढारी? प्रश्न दिसावयास घरगुती आहे. वस्तुतः धर्मांतराची सारी कसोटी त्यात आहे. जात म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात दाखवून दिले होते. सजातीय विवाहाचे कुंपण म्हणजे जात. ते कुंपण ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात जात. मग त्या कुंपणावर भगवा झेंडा असो की पंचशील ध्वज.

पुढाऱ्याच्या हाती विवाहाची किल्ली गेली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी प्रथम आपण जरा दूर जाऊ. कारण दूरचे गाव निर्विकारपणे पाहता येते. जवळच्या गावात आपले नातेवाईक राहतात!

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ निघाला. त्यांच्यात एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल होती व तिला ईश्वरी आज्ञा म्हणत. धर्माच्या नावावर बहुपत्नीत्वाचा हक्क मागता येत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली दिला, आणि १८९० साली त्या पंथाच्या मुख्य संस्थेने ही चाल सोडल्याचे जाहीर केले. पण सर्वांनी ती सोडली नाही. मूळ आज्ञेला चिकटून राहणारे काही कट्टर लोक बाहेर पडले आणि त्यांच्यातील एक मोठा गट युटा व अॅरिझोना या दोन राज्यांच्या सरहद्दीवरील शॉर्ट क्रीक या वस्तीत राहिला. सरहद्द मुद्दाम निवडलेली होती असे म्हणतात. एका राज्याचा पोलीस आला की पलीकडच्या राज्यात जावे! बिलोलीच्या वाचकाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या वस्तीत एक माणूस ईश्वराचा प्रवक्ता मानला जाई. कोणत्या मुलीचे लग्न कोणाशी व्हावयाचे हे तो सांगे. मुलीला कळविण्यात येई. विचारण्यात येत नसे. आणि वस्तीतील घरे, जमीन सारे १९४२ साली स्थापन केलेल्या एका विश्वस्त निधीच्या नावावर होते. ज्याने घर बांधले त्याच्या नावावर ते नव्हते. त्यामुळे ज्याच्यावर पुढाऱ्याची मर्जी खप्पा झाली त्याचे घर गेले, आणि घराबरोबर बायका-मुलेही दुसऱ्याच्या नावे लावली गेली. २००४ सालच्या जानेवारीत वॉरन जेफ्स या पुढाऱ्याने वीसएक पुरुषांना एकाच सभेत पंथाबाहेर काढले. त्यात गावाचा नगराध्यक्षही होता. बाप बदलला हे मुलांना सांगण्यात आले, इतकेच.

गणित पाहा. मुले आणि मुली निसर्गतः जवळपास सारख्याच जन्मतात. मोठ्या माणसांनी दहा-वीस बायका करावयाच्या तर तितक्या तरुण मुलांचे काय करावयाचे? त्यांना क्षुल्लक कारणांवरून वस्तीबाहेर हाकलून देण्यात आले. सिनेमा पाहिला, मुलीशी बोलला, आखूड बाह्यांचा सदरा घातला. अमेरिकेत त्यांना 'हरवलेली मुले' म्हणू लागले. ती हरवली नव्हती, त्यांना टाकण्यात आले होते. बहुपत्नीत्वाचा जुलूम केवळ स्त्रियांवर होतो असे ज्यांना वाटते त्यांनी या मुलांकडे पाहावे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २६ जुलै १९५३ रोजी अॅरिझोनाच्या गव्हर्नराने पोलीस पाठवून सारी वस्ती ताब्यात घेतली आणि अडीचशेहून अधिक मुले आईपासून दूर नेली. रडणाऱ्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, लोकमत उलटले, पुढल्या वर्षी तो गव्हर्नर निवडणूक हरला, आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतक त्या पुढाऱ्यांच्या वाटेला कोणी गेले नाही. धर्मपुढाऱ्याला सोडून आयाबायांवर धाड घातली म्हणजे धर्मपुढारीच बळकट होतो, हा त्यातला धडा आहे. शेवटी फिर्यादी पुढे आल्या त्या आतून सुटलेल्या स्त्रियांच्या व मुलांच्या. २००५ साली युटाच्या न्यायालयाने तो निधी पुढाऱ्यांच्या हातून काढून घेतला, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये टेक्सास राज्याच्या न्यायालयाने जेफ्सला जन्मठेप आणि वर वीस वर्षे अशी शिक्षा दिली. ज्या मुलींशी त्याने 'आध्यात्मिक विवाह' केले होते त्यांतील एक १५ वर्षांची होती, दुसरी १२ वर्षांची. २०१७ च्या निवडणुकीत त्याच वस्तीच्या युटाकडील भागात, हिल्डेल गावी, पंथ सोडलेली एक स्त्री नगराध्यक्ष म्हणून निवडून आली.

आता आपण घरी येऊ.

'हे अमेरिकेतले, आमच्यात असे काही नाही,' असे म्हणणारा वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याला मी नाशिकला नेतो. २०१३ साली तेथे एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. तिने जातीबाहेर लग्न केले होते आणि जातपंचायतीचा धाक त्या घरावर होता. त्या प्रकरणापासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम उभारली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, पण मोहीम थांबली नाही. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून तक्रारी येऊ लागल्या. कोणाला लग्नाची परवानगी विकत घ्यावी लागली होती, कोणाला घटस्फोटाचा दंड, कोणाच्या मयताला खांदा देण्यास कोणी आले नव्हते. कंजारभाट समाजात तर लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवरून नववधूची 'परीक्षा' घेऊन तिचा निकाल पंचांसमोर विचारण्याची चाल होती. २०१७-१८ मध्ये त्याच समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला, आणि त्यांना आपल्याच लोकांचा मार खावा लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कंजारभाट बंधूंची ही हकीकत मी त्यांना हिणविण्यासाठी सांगत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ज्यांची १९५२ साली त्या कायद्यातून सुटका झाली, त्यांना पंचायतीखेरीज न्यायाचे दुसरे दार कोणते होते? पोलीस चौकीत ते फिर्यादी म्हणून गेले तरी आरोपी म्हणून बसविले जात. आपले वाडवडील तरी वेगळे काय करीत होते? चावडीवर आपला न्याय होत नव्हता म्हणून आपण आपल्या वाड्यात पंच नेमले. दुबळ्यांनी आश्रयासाठी बांधलेले घर पुढे तुरुंग कसे होते, याचे हे उदाहरण आहे, आणि त्या तुरुंगाच्या चाव्या नेहमी घरातल्याच माणसाच्या कमरेला असतात.

आमच्या सरहद्दीवर तर याहून जुना एक विवाह आहे, ज्यात नवराच नाही! मांजरेच्या पलीकडे निजामाबादकडे माला-मादिगांच्या कोवळ्या मुलीचे देवीच्या नावाने लग्न लावून तिला जोगीण करीत. नवरा देव, आणि उपभोगणारा गावचा धनिक. तेथे हेमलता लवणम् यांनी या मुलींत वर्षानुवर्षे काम केले आणि १९८८ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशाने या चालीविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्राने देवदासी प्रथा नाहीशी करण्याचा आपला नवा कायदा २००५ साली केला. त्यापूर्वी मुंबई इलाख्यात १९३४ चा कायदा होताच. बाबासाहेबांनी १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांची सभा घेऊन त्यांना हे जिणे सोडण्यास सांगितले होते. धर्मांतर करावयाचे असेल तर याच्यासह करता येणार नाही, अशी ती सरळ अट होती. मुलीचे लग्न कोणाशी, हे गावाने ठरवावयाचे आणि मुलीने भोगावयाचे, या एका सूत्रावर जोगिणीचे लग्न आणि पंचाने ठरविलेले लग्न दोन्ही उभी आहेत. एकात देव पुढे करतात, दुसऱ्यात समाज.

'परंतु हा आमच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे, त्यात कायद्याने का पडावे?' हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारण्यात येतो. याचे उत्तर देण्यापूर्वी एक खटला ध्यानात घ्या. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. अनुयायांना पंथाबाहेर काढणे ही धर्माच्या कारभाराचीच बाब आहे आणि तो कारभार पाहण्याचा हक्क संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने पंथाला दिला आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. मात्र सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे राहिले. बहिष्कृत माणूस आपल्या समाजात अस्पृश्यच होतो, म्हणून हा कायदा १७ व्या अनुच्छेदाच्या वाटेनेच चालतो, असे त्यांनी लिहिले. अस्पृश्यता काय असते हे ज्यांनी भोगले त्यांना त्या एकट्या न्यायमूर्तीचे म्हणणे अधिक खरे वाटल्यास नवल नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे सोपविला.

दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातून पीडिताला भरपाई देता येते. हा कायदा एखाद्या विशिष्ट जातीपुरता नाही. उद्या स्वतःला बौद्ध म्हणविणाऱ्या बैठकीने एखाद्या घराशी रोटीबेटी बंद केली, विहारात येऊ दिले नाही किंवा लग्न अडविले, तर तीही याच कायद्याखाली आरोपी होईल, आणि व्हावी. बैठकीत कोणाची तसबीर लावली होती हे न्यायालय विचारणार नाही.

'न्यायालयात दहा वर्षे जातात. पंच एका बैठकीत निकाल देतात,' हे दुसरे म्हणणे. खरे आहे. विषही औषधापेक्षा लवकर काम करते. पंचाचा निकाल लवकर लागतो, कारण त्यात एक बाजू ऐकलीच जात नाही. बैठकीत बाई बोलत नाही, तिच्या वतीने तिचा बाप बोलतो, आणि बापाला उद्या दुसऱ्या मुलीचे लग्न करावयाचे असते. तडजोड घडवून आणणे वाईट नाही. शहाणी माणसे दोन घरांत बसून भांडण मिटवीत असतील तर जरूर मिटवावे. पण दंड घेणे, बहिष्काराची धमकी देणे आणि मुलीच्या संमतीशिवाय तिचे आयुष्य ठरविणे ही तडजोड नव्हे. सल्लागार आणि पंच यांच्यातील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्याचे ऐकले नाही तरी आपल्या घरी पाणी भरता येते तो सल्लागार.

आता आपल्याविषयी स्पष्ट बोलतो, आणि कोणाला राग आला तर येवो.

बावीस प्रतिज्ञा घेताना आपण सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची शपथ घेतली. मग सोयरीक जुळविताना 'आमचे सोमवंशी, तुमचे लाडवान' हे कोठून आले? साडेबारा पोटजातींचा हिशेब नागपूरच्या त्या मैदानावर १४ ऑक्टोबर १९५६ ला संपला होता. तो पुन्हा लग्नपत्रिकेत कोणी उघडला? आणि याहूनही कठोर प्रश्न पुढे आहे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला तेव्हा उसळलेल्या दंगलीत आपल्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. पोचिराम मातंग होते. १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला, त्या दिवसाच्या सभांत आपण त्यांचे नाव घेतो, टाळ्या देतो. पण मातंग घरचा, बौद्ध झालेला, शिकलेला मुलगा आपल्या मुलीला मागणी घालावयास आला तर आपल्यातील किती घरे दार उघडतील? बाबासाहेबांच्या नावासाठी ज्याने प्राण दिला त्याच्या वाड्यात मुलगी द्यावयास आपल्याला बैठक बोलवावी लागते! ज्या बांधवांनी अलीकडे दीक्षा घेतली त्यांना तरी निदान आम्ही ही पोटजातींची जुनी वही वारशाने देऊ नये.

मुलीच्या वयाची गोष्ट निराळी नाही. कायद्याने मुलीचे १८ आणि मुलाचे २१ वर्षे वय पूर्ण झाले पाहिजे. निजामाच्या राज्यात १९२९ चा सारडा कायदा लागू नव्हता, या सबबीला आता कोणाचा आधार उरलेला नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. बीडमध्ये सुमारे ४४ टक्के. साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. ऊसतोडीला जावे लागते, मुलगी मागे एकटी कशी ठेवावी, कोयत्याची जोडी लवकर जमते, ही कारणे मला ठाऊक आहेत आणि त्यांतील दारिद्र्य खोटे नाही. पण ज्या पुढाऱ्यांना वय माहीत असूनही ते मांडवात पहिल्या रांगेत बसतात, त्यांच्या घरी कोणते दारिद्र्य असते? गावचा ग्रामसेवक हा बालविवाह रोखणारा अधिकारी आहे. त्याच्या कानावर ही गोष्ट घालणे म्हणजे चुगली नव्हे.

बुद्धाच्या शिकवणीत या विषयावर काय आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगितले जात नाही. पराभव सुत्तात माणसाच्या अधःपाताची कारणे मोजली आहेत. त्यांत आपल्या पत्नीवर संतुष्ट न राहणे हे एक कारण आहे, आणि उतारवयात कोवळ्या मुलीशी लग्न करणे हेही एक. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्याच्या नावाने जर कोणी चाळिशीचा माणूस सोळा वर्षांच्या मुलीशी 'बौद्ध पद्धतीने' लग्न करीत असेल, तर त्याने पद्धत घेतली, बुद्ध घेतला नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा सन्मान करावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. या पाचांत तिसऱ्या कर्तव्यापुढे दुसरी बायको उभीच राहू शकत नाही.

आणि पुढारीपणाविषयी? तथागतांनी आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही. धम्म हाच तुमचा मार्गदर्शक, असे सांगून ते गेले. ज्या शास्त्याने स्वतःच्या गादीवर कोणाला बसविले नाही त्याच्या नावाने गावागावांत गाद्या घालणाऱ्यांनी याचा विचार करावा. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध निक्षून इशारा दिला. थोर माणसाच्या पायावर आपले स्वातंत्र्य वाहू नका, असा त्याचा आशय होता. तो इशारा त्यांनी स्वतःला वगळून दिलेला नाही. मग गावातल्या टोपीवाल्या पुढाऱ्याने स्वतःला कसे वगळावे?

आता ज्या विषयामुळे हा लेख लिहावा लागला त्या विषयाकडे येतो, तो म्हणजे दुसरी बायको. 'पहिलीला मूल नाही', 'पहिलीला मुलीच होतात', 'पहिली माहेरी गेली', अशी सबब सांगून बैठक दुसऱ्या लग्नास मोकळीक देते, आणि पहिलीला काही पायलीचे धान्य किंवा एखादी खोली देवविते. आपण फार उदार झालो असे बैठकीला वाटते. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागील एक प्रमुख कारण हिंदू कोड बिल गुंडाळले जाणे हे होते. त्या बिलाचे एक मर्म एकपत्नीत्व हे होते. त्यापूर्वी २० जुलै १९४२ ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने बहुपत्नीत्व बंद करण्याची व घटस्फोटाच्या हक्काची मागणी केली होती. म्हणजे ही मागणी वरून आलेली नाही. आपल्याच आजींनी ती केली, आणि ज्या काळी त्यांच्यापैकी बहुतेकींना सही करता येत नव्हती त्या काळी केली. आज त्यांच्या नाती शाळेत शिकवितात, आणि बैठक त्यांना सवतीचे धान्य मोजून देते!

या ठिकाणी कायद्यातील एक खाच समजून घ्या, कारण तिच्यात आपल्या अनेक भगिनी अडकल्या आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे पती किंवा पत्नी हयात असताना दुसरे लग्न निरर्थक ठरते आणि तो गुन्हाही होतो. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाने त्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु १९६५ साली भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा रद्द केली. का? दुसरे लग्न 'गांधर्व' रीतीने लागले होते. त्यात होम आणि सप्तपदी झाल्याचे, किंवा त्यांच्याशिवाय लग्न लावण्याची त्या समाजात रूढी असल्याचे, सिद्ध झाले नाही. आणि रीतसर न लागलेले लग्न म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. दुसरे लग्न नाही, म्हणून गुन्हा नाही!

या निकालाचा उपयोग लबाड माणूस कसा करतो ते उघड आहे. दुसऱ्या लग्नात तो मुद्दाम काही विधी अपुरा ठेवतो, आणि मग पहिली फिर्याद घेऊन गेली की 'ते लग्नच नव्हते' म्हणतो. दुसरीचे हाल याहून वाईट, कारण तिच्या गळ्यात मंगळसूत्र असते आणि कायद्यात तिचे स्थान नसते. बैठकीने लावून दिलेले लग्न नेमके असेच असते. बैठकीचा शब्द न्यायालयात विवाहाचा विधी ठरत नाही आणि काडीमोडही ठरत नाही. ज्या पंचांनी 'आम्ही जबाबदार आहोत' असे दहा माणसांत सांगितले, त्यांतील एकही साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही.

यास्तव आपला विवाह कसा लागतो हे प्रत्येक घराने नीट समजून घेतले पाहिजे. १९५५ च्या कायद्याचे ७ वे कलम कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लागलेला विवाह मान्य करते. सप्तपदी केलीच पाहिजे असे ते म्हणत नाही. बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणापूर्वी दोनच दिवस, ४ डिसेंबर १९५६ च्या एका पत्रात, बौद्ध विवाहाची रीत सांगून ठेवली आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू व वर पांढऱ्या वस्त्रांत, मध्ये चौरंगावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्या पाण्यात सोडलेला सुताचा दोरा दोघांच्या हाती, आणि मंगल सुत्ताचे पठण. इतके साधे. त्यात मुहूर्त नाही, हुंडा नाही, पंचांचा विडा नाही, मानपान नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधकांनी १८७३ पासून पुरोहिताविना लग्ने लावावयास आरंभ केला. त्या वाटेवरचेच हे पुढले पाऊल आहे. पण साधेपणाचा अर्थ ढिलाई असा करू नका. आपला विधी जितका साधा, तितका तो पूर्ण करणे व त्याचा पुरावा ठेवणे अधिक अगत्याचे. आमच्यात अशीच लग्ने लागतात, हे न्यायालयात सिद्ध करावयाचे तर ती तशीच लागली पाहिजेत. अर्धी अक्षता-मंगलाष्टके आणि अर्धे मंगल सुत्त अशी खिचडी करणारे कुटुंब आपल्याच मुलीच्या हातातील पुरावा पुसून टाकते.

नोंदणीविषयीही एक गैरसमज आहे. केवळ कागदावर नोंद केली की लग्न झाले असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगितले की या कायद्याखाली विधी झालाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह होत नाही. आणि नुसता विधी केला, नोंद केली नाही, तर उद्या सिद्ध करणे कठीण. दोन्ही करा. ज्यांना कोणताच धार्मिक विधी नको असेल, किंवा मुलगा एका धर्माचा व मुलगी दुसऱ्या धर्माची असेल, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तेथे तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. काही बैठकींना त्या तीस दिवसांचा फार राग आहे. तो राग समजण्यासारखा आहे. मुलगी आणि मुलगा आपण होऊन सरकारी कचेरीत जाऊन सही करतात, आणि पंचाला कोणी विडाही देत नाही!

सरहद्दीवरच्या आपल्या लोकांना एक अधिक सूचना. धर्मांतरानंतर अठराव्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि आपल्या सोयऱ्यांची घरे दोन राज्यांत गेली. बिलोली, कुंडलवाडी, सगरोळीकडच्या मुली बोधन-निजामाबादकडे जातात, तिकडच्या इकडे येतात. यात काहीच वाईट नाही. पण लग्न एका राज्यात लागले, संसार दुसऱ्या राज्यात, आणि नोंद कोठेच नाही, अशा मुलीला टाकले तर ती कोणत्या पोलीस ठाण्यात जाणार? दोन्हीकडचे अधिकारी तिला नदी दाखवितात. शॉर्ट क्रीकच्या पुढाऱ्यांनी सरहद्द वापरली ती अशीच. म्हणून लग्न ज्या गावी लागले त्या गावी लगेच नोंद करून प्रमाणपत्राची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हाती द्या. सासऱ्याच्या पेटीत किंवा बापाच्या कपाटात नव्हे.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत होते. त्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. या तीन सह्या आजवर आपण तिन्ही पुरुषांच्या, आणि त्यांतही बहुधा बैठकीतल्याच पुरुषांच्या घेत आलो. यापुढे त्यांतील एक सही वधूच्या आईची असावी, अशी माझी प्रत्येक घराला विनंती आहे. तिला लिहिता येत नसेल, तर सोयरीक ठरल्यापासून लग्नाच्या तारखेपर्यंत आईला सही शिकविण्यास मुलीजवळ पुरेसा वेळ असतो.